डोंग्याला मोटार घ्यायची? आधी काट्यावर चला

ट्रोलिंग मोटारीचा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात येणारा दर तिसरा माणूस तेच विचारतो, "ट्रालीची मोटर डोंग्याले कायले पायजे जी?" नाव अगदी हळू चालवत मागे गळ ओढत न्यायचा, त्या मासेमारीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, म्हणून हे नाव. १९३४ साली अमेरिकेतल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट या माणसाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटार काढली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि नावेला लावली. मिन कोटा ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. मिनेसोटा आणि डकोटा या दोन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून ते नाव झालं. आजही या मोटारीत फार काही गूढ नाही. पाण्याखाली एक डीसी मोटार, तिला पंखा, वर दांडा, दांड्याच्या टोकाला मूठ, आणि नावेत १२ व्होल्टची बॅटरी.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या बाजूला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप हा मूळ धंदा. गेल्या काही वर्षांत पंपांच्या रांगेत या बारक्या मोटारीही येऊन बसायला लागल्या. उघडून पाहिल्यावर बहुतेक वेळा दोष मोटारीचा निघत नाही. वायर बारीक असते, बॅटरी चुकीची असते, नाहीतर पंख्याच्या मागे तंगुस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, गुंडाळलेला असतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि ते दुकानदाराला आवडणार नाही: मोटार सगळ्यात शेवटी विकत घ्या. आधी पाणी, मग वजन, मग तास, मग बॅटरी. इतकं ठरलं की मोटार कोणती घ्यायची ते आपोआप ठरतं.

मी स्वतः याच्या उलट केलं होतं. नागपूरच्या एका दुकानातून ५५ पाउंडाची मोटार आणली, कारण ४० पेक्षा ५५ मोठे. बॅटरीचं विचारलं तर काउंटरवरच्या पोराने सांगितलं, कोणतीही १२ व्होल्टची चालते. घरी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होतीच. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात दुपारी वारा सुटला तेव्हा किनारा एक-दीड किलोमीटर लांब होता आणि पंखा नुसता गरगरत होता, तोही हळूहळू थंड पडत गेला. शेवटी एका डोंगेवाल्या काकांनी दोरी बांधून ओढत आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. काठावर उतरताना मोटारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वल्हं आणाचं होतं ना बाप्पा."

लागते का, ते आधी बघा

साधी परीक्षा आहे. तुम्ही ज्या पाण्यात जाता तिथे तुमचा बांबू तळाला टेकतो का? सगळीकडे टेकत असेल, तर मोटारीवर पैसे घालू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले मामा तलाव बहुतेक असेच आहेत. कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून माजी मालगुजारी, आणि लोकांच्या तोंडी मामा. यातल्या लहान तलावांत बांबूने पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येतं. शिवाय एप्रिल लागला की पाणी उतरतं, पंखा गाळ घुसळतो, काठावरच्या बेशरमच्या काड्या आणि तळातलं गवत पात्यात येतं. अशा पाण्यात मोटार म्हणजे कामापेक्षा कटकट.

बांबू टेकत नाही, अंतर किलोमीटरच्या वर आहे, वारा लागतो, अशा ठिकाणी गोष्ट वेगळी. गोसीखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा ही अशी पाणी. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. धरणात पाणी साठण्याआधी इथे नुसती वैनगंगा होती, आणि नदीत डोंगा चालवायची जी रीत आमच्या ढिवर भावांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, ती या रुंद पाण्याला पुरी पडत नाही. नदीत प्रवाह एका दिशेने असतो. इथे वारा वाटेल तिकडून येतो आणि लाट उभी करतो. जाळं टाकायला सकाळी जाणं सोपं असतं. भरलेली जाळी घेऊन वाऱ्याच्या तोंडावर परत येताना खांदे निखळतात. मोटार लागते ती या परतीसाठी.

अभयारण्य आणि व्याघ्रप्रकल्पाच्या आतल्या पाण्याचा विचारही करू नका. पेंचमधलं तोतलाडोह असो की ताडोब्याचा तलाव, तिथे मासेमारीच बंद आहे. बाकी तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तुम्ही सभासद असलात तरी मोटार लावण्याआधी संस्थेत सांगून ठेवा, आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नाव-नोंदणीबद्दल विचारून घ्या. यामागे आणखी एक कारण आहे. नावेत बॅटरी आणि वायर दिसली की लोकांना पहिला संशय येतो तो करंट लावून मासे मारणाऱ्यांचा. तो हलकट धंदा चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात बारकी पिल्लंसुद्धा मरतात. तुमच्यावर तो डाग नको, म्हणून मोटार पहिल्यांदा नेताना चार लोकांना दाखवूनच न्या.

वजन अंदाजाने नाही, काट्यावर

या मोटारींची ताकद पाउंडात सांगतात. एचपीत नाही. ५५ पाउंड म्हणजे साधारण २५ किलोचा ढकल. नाव पाण्यात असताना एखाद्या माणसाने मागून २५ किलो जोर लावून ढकलावं, तेवढा. विजेच्या हिशोबाने ही मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे १२ व्होल्टला ६०० वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा असतो. तेव्हा शेतातल्या ३ एचपीच्या पंपाशी तिची तुलना करून "एवढीशी?" म्हणू नका. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला ढकलायला फार ताकद लागत नाही, सतत लागते एवढंच.

किती पाउंड लागतील याचा सर्वमान्य ठोकताळा असा: भरलेल्या नावेच्या दर ४५ किलोला कमीत कमी २ पाउंड. भरलेली म्हणजे खरंच भरलेली, ओल्या जाळ्यांसकट. त्यासाठी नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाका (इथे खरी ट्रॉली लागते) आणि जवळच्या धरमकाट्यावर न्या. एकदा नावेसकट आणि एकदा रिकामी, दोन पावत्या घ्या आणि वजा करा. राइस मिलवाले ओळखीचे असतील तर चहावर काम होतं.

समजा बारा-तेरा फुटांची फायबरची नाव १२० किलो भरली. दोन माणसं १३०, बॅटरी ३०, ओली जाळी २५, मासळी आणि बर्फ ४५. झाले ३५० किलो. भागिले ४५, गुणिले २, म्हणजे जेमतेम १६ पाउंड. हा आकडा स्थिर पाण्याचा, वारा नसतानाचा. आमच्या धरणांवर मी तो सरळ दुप्पट करतो. म्हणजे ३२, आणि बाजारात त्याच्या आसपास ३० ते ४० पाउंडांच्या मोटारी मिळतात. त्यातली ३६ किंवा ४० ची घ्या. नाव भरून ६०० किलोवर जात असेल तर ५५ ची. त्यापुढच्या ७०-८० पाउंडांच्या मोटारी २४ व्होल्टवर चालतात, म्हणजे दोन बॅटऱ्या, दुप्पट ओझं, दुप्पट खर्च. आपल्या कामाला त्या नकोत.

आणि एक भ्रम इथेच मोडून टाकू. पाउंड वाढवल्याने नाव जोरात पळत नाही. ३६ ची असो की ५५ ची, वेग ताशी पाच ते सात किलोमीटरच्या घरातच राहतो, कारण पंख्याचे फेरे आणि पात्यांचा पीळ जवळपास सारखाच असतो. जास्तीचे पाउंड उपयोगी पडतात ते ओझं आणि वारा रेटायला. हलक्या डोंग्याला ५५ ची लावली तर बॅटरी लवकर संपेल, घर काही लवकर येणार नाही.

बॅटरी: खरा खर्च इथे आहे

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे इथेच फसतात.

ट्रॅक्टर, जीप, ट्रक यांची बॅटरी सेल्फ मारायला बनवलेली असते. दोन-तीन सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि मग गाडीने तिला लगेच भरून काढायचं, एवढंच तिचं काम. तिच्या पट्ट्या पातळ असतात. तिला दोन तास सलग पिळून रिकामी केलं की आतून झडायला लागते. माझी ट्रॅक्टरची बॅटरी त्या दिवसानंतर ट्रॅक्टरच्याही कामाची राहिली नाही.

लागते ती खोलवर रिकामी होणं सोसणारी बॅटरी. खेड्यात अशा तीन जाती हाताशी असतात. पहिली, घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर. बॅटरी उत्तम, पण १५० अँपिअर-अवरची (किती अँपिअर किती तास देते, त्याचा गुणाकार) ट्यूब्युलर ॲसिड भरून ५५-६० किलोची असते आणि उंच असते. डोंग्यात ती म्हणजे एक जास्तीचा माणूस, आणि तोही न वाकणारा. नाव कलली की ॲसिड सांडतं. दुसरी, ई-रिक्षाची. साधारण १०० अँपिअर-अवर आणि ३० किलोच्या आसपास. बुटकी आहे, धक्के खाण्यासाठीच बनवलेली आहे, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा माणूस सापडतो. नवीन माणसाला मी हीच सांगतो. तिसरी, लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-अवरची जेमतेम ११ ते १३ किलो. डोक्यावर घेऊन जाता येईल अशी. किंमत मात्र लहान मोटारीइतकी किंवा तिच्यावरही जाते.

आता हिशोब. ॲसिडच्या बॅटरीतून निम्म्याच्या खाली काढू नये. काढलं तर चालते, पण तिचं आयुष्य झपाट्याने खाली येतं. म्हणजे १०० मधले ५० तुमचे. मोटार मधल्या वेगावर २० अँपिअर ओढत असेल तर अडीच तास. ४० पाउंडाची मोटार पूर्ण वेगात ४० च्या आसपास ओढते. तिथे सव्वा तास मिळावा असं वाटेल, पण मिळत नाही, कारण ॲसिडची बॅटरी जितक्या जोरात पिळाल तितका कमी रस देते. बॅटरीवरचा १०० हा आकडा वीस तासांत हळूहळू काढण्याचा असतो. लिथियममधून ८० ते ९० बिनधास्त काढता येतात आणि जोरात पिळल्याने फारसा फरक पडत नाही. त्याच २० अँपिअरवर ती चार तास सहज चालते.

म्हणून लिथियमच घ्या, असं मी म्हणत नाही. रोज जाणाऱ्याला ती परवडते, आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला ई-रिक्षाची पुरते. लिथियम घेताना आतल्या संरक्षक सर्किटची सततची मर्यादा विचारा. ५५ पाउंडाच्या मोटारीला ५० अँपिअर लागतात आणि सर्किट ५० वरच तुटत असेल, तर ऐन वाऱ्यात मोटार बंद पडेल. १०० अँपिअरचं मागा. आणि तिचा चार्जर वेगळा असतो. घरच्या इन्व्हर्टरला जोडून ती भरायची नाही.

ई-रिक्षाची जुनी बॅटरी स्वस्तात मिळते, तेव्हा हात लावण्याआधी तिची परीक्षा घ्या. ती पूर्ण चार्ज करा आणि तिच्यावर गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे चार बल्ब एकत्र लावा. चार बल्ब मिळून १८ अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणजे मधल्या वेगावरची मोटारच समजा. अडीच तास जळू द्या. मीटरवर बल्ब चालू असताना ११.८ च्या खाली आकडा गेला, तर ती बॅटरी ज्याची त्याला परत करा. बल्ब मात्र विटेवर ठेवा. माझा एक टेबलक्लॉथ याच परीक्षेत गेला.

साधा डिजिटल मीटर तसाही नावेत ठेवाच. मोटार बंद करून बॅटरीला थोडी विश्रांती दिली की आकडा खरं बोलतो. ॲसिडची बॅटरी १२.७ ला भरलेली, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आता वल्हं. लिथियमला हा नियम लागू नाही. तिचा आकडा शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. तिला आत गेलेला-बाहेर आलेला करंट मोजणारं मीटर लागतं, किंवा बॅटरीसोबत येणारं मोबाइलचं ॲप.

भरायचं कसं? निम्मी रिकामी झालेली १०० ची बॅटरी १० अँपिअरच्या चार्जरवर सहा-सात तासांत भरते. वीज पाऊण ते एक युनिट. पेट्रोलच्या इंजिनवाल्याला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा बघा. भरताना ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत, चुलीजवळ, देवघराच्या दिव्याजवळ नको. पडवीत ठेवा आणि बिडीवाल्यांना लांब बसवा. सोलरवर भरायची असेल तर १०० वॅटची पाटी आपल्या उन्हात दिवसाला ४०० वॅट-अवरच्या आसपास देते, आणि निम्मी बॅटरी म्हणजे ६०० वॅट-अवर. तेव्हा रोज जाणाऱ्याला २०० वॅटची पाटी, आणि मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बॅटरीला नावेत लाकडी खोकं करा, वर झाकण, बाजूंना भोकं. उन्हात ॲसिडच्या बॅटरीचं पाणी लवकर आटतं, दर पंधरवड्याला डिस्टिल वॉटर बघा. बोअरचं नाही, आरओचंही नाही. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांवर चार्जिंग घेत नाहीत, म्हणून दुपारी पाटीवर लावली आणि भरली नाही तर बॅटरी बिघडली असं समजू नका. रात्री लावा.

वायर, जिच्याकडे कोणी बघत नाही

घरात उरलेली २.५ चौरस मिलिमीटरची वायर मोटारीला जोडलेली मी किती वेळा पाहिली असेल. २३० व्होल्टवर ती मिक्सर चालवते, मग १२ ला काय होतंय, असं वाटतं. होतं असं: जाऊन-येऊन सहा मीटर वायर आणि ५० अँपिअर करंट धरला तर त्या वायरमध्येच दोन व्होल्टच्या वर खर्च होतात. बारामधले दोन गेले. मोटारीला दहा मिळतात, ती रडत चालते, आणि वायर हाताला चटका देते. तेवढ्याच लांबीला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर तोटा ०.३५ व्होल्टवर येतो. वेल्डिंगच्या दुकानात मऊ, बारीक तारांची केबल मिळते, ती छान. ॲल्युमिनियमची नको. टोकाला थिंबल (भोक असलेलं धातूचं टोक) दाबून बसवून घ्या. तारा पिळून टर्मिनलवर गुंडाळणं म्हणजे पाण्यावर ठिणगी नेणं. शेवटी व्हॅसलीनचा हात फिरवा, गंज लागत नाही.

बॅटरीच्या प्लसला लागून, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज किंवा डीसीचा ब्रेकर हवा. ४० पाउंडाला ५० अँपिअरचा, ५५ ला ६० चा. घरच्या मीटरजवळची एमसीबी एसीसाठी असते, ती इथे नको. गाडीच्या म्युझिक सिस्टिमचं सामान विकणाऱ्याकडे योग्य फ्यूज मिळतो. पंख्यात जाळं अडकून मोटार जाम झाली की हा फ्यूज जातो आणि आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा गुंडाळीचा भाग, वाचतं. फ्यूज नसेल तर आर्मेचर माझ्याकडे येतं.

आता मोटार

जाळ्याने मासेमारी करणाऱ्याला नावेच्या मागच्या फळ्यावर लावायची, हाताने मूठ फिरवून चालवायची मोटार बरी. पुढच्या टोकाला लावायच्या, पायाने चालवायच्या, जीपीएसने नाव एका जागी उभी ठेवणाऱ्या महागड्या मोटारीही असतात. त्या गळवाल्या हौशी मंडळींसाठी. आपलं जाळं पुढूनच सुटतं आणि पुढूनच ओढलं जातं, तिथे पंखा म्हणजे भांडणाला आमंत्रण.

दांडा किती लांब? मोटार जिथे अडकवणार त्या फळ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर, नाव भरलेली असताना, मोजा. पंख्याच्या पात्याचं वरचं टोक पाण्याखाली वीतभर ते फूटभर राहिलं पाहिजे. वर राहिलं तर तो हवा ओढतो आणि नुसता खळखळतो. फळा पाण्यापासून दहा इंचांच्या आत असेल तर ३० इंचांचा दांडा पुरतो, त्याहून उंच असेल तर ३६ चा. आपल्या बहुतेक नावांना ३० चालतो.

डोंग्याची गोष्ट जरा वेगळी. तो दोन्हीकडे निमुळता, मागे सपाट फळाच नाही. त्याला आडवी फळी बोल्टने पक्की करून मोटार बाजूला लावावी लागते, आणि मग तो त्या बाजूला कलतो. बॅटरी दुसऱ्या बाजूला सरकवून तोल साधा. नुसते शिकंजे आवळून भागत नाही. लाकूड ओलं होतं, फुगतं, सुकतं, आणि शिकंजा सैल पडतो. मोटारीच्या मानेला एक मजबूत दोरी बांधून ती नावेला गाठ मारा. गोसीखुर्दच्या तळाशी अशा किती मोटारी पडल्या असतील, तिथल्या माशांना माहीत.

वेगाचे दोन प्रकार मिळतात. पाच पुढचे आणि तीन मागचे असे टप्प्यांचे, किंवा मूठ फिरवेल तसा हळूहळू वाढणारा. टप्प्यांच्या मोटारीत कमी वेगावर थोडी वीज उष्णतेत वाया जाते. दुसऱ्या प्रकारात ती वाचते आणि त्याच बॅटरीवर बराच जास्त वेळ मिळतो. पैसे असतील तर दुसरी घ्या. पण तिच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, प्लस-मायनस उलटं जोडलं की एका क्षणात उडतं, आणि ते मला दुरुस्त करता येत नाही. टप्प्यांची मोटार गावातला रिवाइंडिंगवाला उघडून बसवू शकतो. यातलं काय महत्त्वाचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या आडवाटेला मी टप्प्यांचीच देतो.

दुकानात कंपनीपेक्षा तीन वस्तूंचं विचारा: पंखा, पंख्याची पिन आणि ऑइल सील (पाणी आत जाऊ न देणारं रबरी कडं). सुटे मिळतात का? "मागवून देऊ" हे उत्तर आलं तर त्याच बिलात एक पंखा, दोन पिना आणि एक सील मागवून घ्या, मोटार आल्यावर नाही. गोसीखुर्दमध्ये बुडालेल्या शिवारातली झाडं अजून पाण्याखाली उभी आहेत. बाभळीच्या खुंटावर पंखा आपटणारच, प्रश्न कधी एवढाच.

जलपर्णीचंही सांगतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, आणि त्या खतावर जलपर्णी माजते. तिच्या थरातून कोणतीच मोटार जात नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. गवतात सहसा न अडकणारा दोन पात्यांचा पंखा मिळतो. तो पाण्याखालच्या चिल्यातून, म्हणजे पाणगवतातून, चांगला निघतो, पण तरंगत्या गादीतून नाही. तिथे मोटार उचलायची आणि बांबू हातात घ्यायचा.

पहिला दिवस आणि पुढचे

घरी तपासताना पंखा काढून ठेवा. लेकरं जवळ असतात. हवेत मोटार पाच-दहा सेकंदांच्या वर फिरवू नका, तिला थंड करायला पाणीच लागतं.

पहिल्या फेरीला वारा नसलेली सकाळ निवडा, काठाला धरून जा, आणि वहीत लिहा: निघतानाचा व्होल्ट, कोणत्या टप्प्यावर किती वेळ, परतल्यावरचा व्होल्ट. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या नावेचं, तुमच्या बॅटरीचं गणित हाती येतं, जे कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. तोपर्यंत एक नियम पाळा. वापरायच्या बॅटरीचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक वाऱ्याला. वैशाखात दुपारनंतर आभाळ फिरतं, तेव्हा तिसरा भाग कामाला येतो. वल्हं आणि बांबू नावेत असायलाच हवेत. लाइफ जॅकेट माणसागणिक एक, आणि अंगात, नावेच्या तळाशी उशीला नव्हे. मोटार आली की "अजून एक बसा, ओढते ती" असं म्हणायची सवय लागते. मोटार ओढते, पण नाव तरंगायला हवी. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ माणसं गेली होती.

दुसऱ्यांच्या जाळ्यांच्या खुणा, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या, लांबूनच टाळा. मोटारीने कापलेलं जाळं भरून द्यावं लागतं, आणि द्यावंच.

प्रत्येक फेरीनंतर पंखा काढून मागे बघा. एक मिनिटाचं काम. तंगुसाचा धागा पंख्यामागे शिरतो, फिरून फिरून ऑइल सील कापतो, आणि मग पाणी आत जातं. त्या वेळी काहीच कळत नाही, मोटार चालत राहते. पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर ती उघडली की आधी गढूळ पाणी सांडतं, मग गंजलेली चुंबकं दिसतात, कार्बनचा चिखल झालेला असतो. लोक विचारतात, "भाऊ, वॉरंटीत बसंल का?" मी सीलमधून तंगुसाचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवतो.

पिनेचंही तसंच. खुंटावर आपटल्यावर पिन तुटते आणि पंखा, दांडा वाचतात. ती तुटायलाच ठेवलेली असते. एकाने तिच्या जागी छपराचा जाड खिळा ठोकला होता. पुढच्या खुंटाला खिळा टिकला आणि आर्मेचरचा दांडा वाकला. तेव्हा दोन जास्तीच्या पिना आणि पंख्याच्या नटाचा पाना एका प्लास्टिकच्या पुडीत बांधा आणि ती पुडी बसायच्या फळीखाली चिकटपट्टीने लावून टाका. खिशात ठेवलेल्या पिना लुंगी बदलली की घरी राहतात.